लाल बुडाची काडतुसं

१४ सप्टेंबर, रविवार

मोजणीच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बरोबर आकडा त्याच्या डोक्यावर लिहायचा. बावीस वर्षं मी जमिनी मोजतो आहे आणि हा नियम मोडलेला नाही. ही वही जमिनीची नाही, तरी नियम तोच ठेवतो.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. आज पहिल्यांदा त्यांच्या शेडमध्ये, काडतुसं भरायच्या बाकावर बसलो. आई ओढ्यावरच्या घरात एकटी राहते, मी खाली गावात. मध्ये अठरा मैल, त्यातले शेवटचे सात कच्चे. परवा अस्वलानं तिच्या सफरचंदाच्या दोन फांद्या मोडल्या. शेजारचे डेल्बर्ट ठसे बघून म्हणाले, काळं नव्हे, ग्रिझली आहे. "तुझ्या आईला, व्हर्नाला सांग, पाय बनवायचा असेल तर आत्ताच बनव, नाहीतर सफरचंदं त्याची." पाय म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेला; अस्वलाला तो न भाजताही चालतो, असंही वर म्हणाले.

मलाही यंदा कामावर दोनदा अस्वल दिसलं. खांद्यावर बाबांची कार्बाइन असते. आखूड नळीची बंदूक, रिव्हॉल्व्हरचंच काडतूस खाणारी. दुकानात मिळणारी गोळी अस्वलासाठी हलकी पडते. म्हणून ठरवलं, आपणच भरायची. नेहमीच्या दीडपट वजनाची गोळी, आणि कार्बाइनला सोसेल तेवढा दाब.

कार्बाइनला सोसेल तेवढा. हे इथे नीट लिहून ठेवतो, कारण आईच्या दाराआड जे रिव्हॉल्व्हर टांगलेलं असतं त्यालाही हेच काडतूस बसतं. ते आजोबांच्या काळातलं आहे, त्याला हा दाब सोसणार नाही. फुटेल. तेव्हा माझ्या काडतुसांवर खूण हवीच.

२० सप्टेंबर, शनिवार

पन्नास भरली. सकाळी नऊपासून चारपर्यंत. जुन्या पितळी पुंगळ्या धुऊन, मापात दाबून, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली, मग दारू. दारू प्रत्येक पुंगळीची वेगळी तोलली. वजन छापील पुस्तकातून घेतलं, बाबांकडून नाही. त्यांच्या वहीत वजनं नाहीतच, ती त्यांच्या डोक्यात होती. वहीत फक्त तारीख, नग, आणि काही ओळींच्या शेवटी दोन शब्द: 'व्ही, लाल'.

त्यावर थोडा वेळ घालवला. व्ही म्हणजे व्हेलॉसिटी, गोळीचा वेग. जास्त वेगाची काडतुसं ते लाल रंगवत असणार. फळीवर लाल नेलपॉलिशची बाटली होतीच, घट्ट झालेली. टिकलीवर रंगाचा थेंब म्हणजे दुरूनही कळतं, हे धोक्याचं. कप्प्यात एक निळा प्लास्टिकचा डबाही सापडला, झाकणावर पांढरी पट्टी आणि पट्टीवर 'व्ही'. बाबांनी सगळं तयारच ठेवलं होतं म्हणायचं. बाटलीत थिनरचे दोन थेंब टाकले आणि पन्नासही बुडं रंगवली.

शेवटची रंगवत होतो तेव्हा आई कॉफी घेऊन आली. बाकावर लाल बुडांची रांग वाळत होती. ती दारातच थांबली.

"तू रंगवलीस, ऑरी?"

मी म्हटलं, रंगवायलाच हवीत ना.

तिनं कप खाली ठेवला आणि एका बुडाला बोटानं स्पर्श केला. रंग ओला होता, तो तिच्या बोटाला लागला. "मला वाटलं हे त्याच्याबरोबरच संपलं," ती म्हणाली. डोळे भरले होते. बाक पुन्हा चालू झालेला बघून तिला भरून आलं, हे मला समजलं. अशा वेळी बोलायचं काय ते मला कधीच सुचत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आईनं पाय पाठवला, डेल्बर्टांच्या हाती. अख्खा. आमच्या घरात अख्खा पाय फक्त वाढदिवसाला एका माणसाला मिळतो. माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो. फोन करून विचारलं तर म्हणाली, "उगाच विचारू नकोस, खा." हल्ली ती विसरते; हे त्यात धरायचं का, कळत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

डेल्बर्टांच्या कुरणात कार्बाइन चालवून पाहिली. चाचणीसाठी दहा काडतुसं वेगळी भरली होती, डब्यातली नव्हेत. शंभर पावलांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. ओल्या लाकडात एक गोळी वीतभर आत गेली. खांद्याला धक्का बसतो, पण कार्बाइन जड आहे, ती बराचसा आपल्याकडे घेते.

मला आनंद झाला, आणि तो बराच वेळ टिकला. घटस्फोटानंतर आपण आपल्या हातानं पूर्ण केलेली अशी गोष्ट फारशी झालेली नाही. बाबांनी बघायला हवं होतं, असंही वाटलं. त्यांनी मला हे कधी शिकवलं नाही. मी कधी विचारलं नाही, हे जास्त खरं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आईकडच्या शेडमध्ये डबा उघडला तर पंचेचाळीस. तीनदा मोजली. एक अख्खी रांग रिकामी.

मी पन्नास भरली होती. वहीत पन्नास लिहिलंय. की पंचेचाळीस भरून पन्नास लिहिलं? सात तास वाकून बसलो होतो, शेवटी डोळे दुखत होते. असं माझ्या हातून झालं असेल तर दारू तोलतानाही काही झालं असेल, आणि मग सगळीच काडतुसं संशयाची. पंचेचाळीसही पुन्हा काट्यावर ठेवून बघितली. सगळी एका वजनाची.

डेल्बर्टांना सांगितलं. ते कुंपणाची तार ओढत होते. "पाच कमी?" म्हणाले. "मग सहा घरांच्या कुणीतरी खाल्ली असतील." इकडे जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात काडतुसांची सहा घरं असली तरी पाचच भरतात, घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात, त्यावरून हा विनोद. मी हसलो. मनातून मात्र माझी मोजणी चुकली हेच मला खात राहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

गेलचा फोन, तासभर. ताई म्हणून तिला सल्ला द्यायचा अधिकार आहे आणि मिझुलाच्या हॉस्पिटलात पंचवीस वर्षं नर्स म्हणून वेगळा. तिनं यादी केली आहे. ऑगस्टमध्ये आईनं ओव्हन चालू ठेवला. मला दोनदा बाबांच्या नावानं हाक मारली. औषधाची गोळी घेतली की नाही ते आठवेना. आणि आता हे नवीन: "काल मला म्हणाली, ऑरीनं माझ्यासाठी केल्या, पूर्वी व्हायच्या तशाच. काय केल्या विचारलं तर नुसती हसली. तू तिला काही करून दिलंयस का?"

मी म्हटलं, नाही. मी काहीच करून दिलेलं नाही.

"बघ म्हणजे," गेल म्हणाली.

विलो हाऊसमध्ये, गावातल्या म्हाताऱ्यांच्या निवासात, एक खोली नोव्हेंबरपासून रिकामी होते आहे. दक्षिणेची खिडकी. गेलनं नाव घातलं आहे. आईला कोण सांगणार, ते ठरलं नाही. आई तिथे सुरक्षित राहील, हे मला पटतं. ते पटण्यात मला दर शनिवारी छत्तीस मैल गाडी हाकावी लागणार नाही याचा वाटा किती, हे मी मोजलेलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आईच्या उजव्या मनगटाला पट्टी. बोटं सुजलेली, अंगठ्याच्या मुळाशी काळंनिळं. कोंबड्यांच्या खुराड्याच्या पायरीवर अडखळले, म्हणाली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर, "पायरीवर पडलेल्याला डॉक्टर काय सांगणार? पायरी बघून चाल म्हणणार."

पायरी मी बघितली. कोरडी, सपाट. हातभर उंचीचीही नाही.

दिवसभर ती फार कमी बोलली. दोनदा मी काही विचारलं ते तिला ऐकूच आलं नाही. जेवताना काटा डाव्या हातात धरला आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती, एखाद्या परक्या वस्तूकडे बघावं तशी.

परतताना डेल्बर्ट रस्त्यात उभे होते. म्हणाले, गुरुवारी दुपारी तू आला होतास वाटतं, तोफ डागल्यासारखा आवाज झाला. मी गुरुवारी काउंटीच्या पलीकडच्या टोकाला पुलाची मोजणी करत होतो. शिकारीचे दिवस आहेत, कुणी ना कुणी रानात असतंच. डेल्बर्टांना एका कानानं कमी ऐकू येतं, ते धरून मी विषय सोडला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आई स्वतःच म्हणाली.

तिचा हात दुखतो म्हणून आज पुन्हा वर गेलो आणि भांडी पुसत होतो. तिनं विचारलं, "गेल म्हणते ती खोली अजून आहे का?"

आहे म्हटलं.

"मग सांग तिला. जाते मी." जरा थांबून म्हणाली, "माझ्या हातात आता काही राहत नाही, ऑरी. तीस वर्षं जे हातात राहिलं तेही राहत नाही."

म्हातारपणाविषयी बोलते आहे असं समजून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. गेलला फोन केला तर ती रडली, आनंदानं आणि बाकी कशाकशानं. मलाही हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी इथे लिहून ठेवतो, पुढे नाकारता येऊ नये म्हणून.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज जे कळलं ते क्रमानं लिहितो.

सकाळी आईकडे खोकी भरली. तिला नेता येण्यासारखं थोडंच आहे: खुर्ची, रजया, बाबांचा फोटो, लेफ्साच्या रोट्या लाटायचं लाटणं. दाराआडच्या खिळ्यावरून तिनं कातडी म्यानासकट रिव्हॉल्व्हर काढलं आणि माझ्याकडे दिलं. "हे तू ने. तिथे चालत नाही, आणि मला आता पेलतही नाही." देताना तिनं ते डाव्या हातानं दिलं.

दुपारी घरी गॅरेजमध्ये साफ करायला उघडलं. चक्र फिरेना. जोर लावून फिरवलं तेव्हा पहिलं घर समोर आलं. त्यातल्या काडतुसाचं बूड लाल होतं.

दुसरं लाल. तिसरं लाल. चौथं लाल. पाचव्या घरात उडालेली पुंगळी होती. तिची टिकली चपटी झालेली, तरी कडेला लाल रंगाची कोर राहिलेली. पुंगळी निघेना. चक्र बाहेर काढून उजेडात धरलं तर त्या घराची बाहेरची भिंत फुगलेली, नखाला लागते एवढी. सहावं घर रिकामं. घोड्याखालचं.

पाच. डेल्बर्ट विनोद करत नव्हते, मला उत्तर देत होते.

खोक्यांबरोबर शेडमधून आणलेली बाबांची वही काढली. या वेळी पुढून नाही, मागून. शेवटच्या पानांवर त्यांच्या बाजारहाटाच्या याद्या आहेत. 'खिळे. व्हीसाठी कोंबड्यांचं दाणं.' 'व्हीचा चष्मा, शुक्रवारी.' 'व्हीसाठी नेलपॉलिश, तोच लाल, जुनी बाटली संपली.'

व्ही म्हणजे व्हर्ना. आमच्यादेखत बाबा तिला आईच म्हणत, तिच्या नावाचं आद्याक्षर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते तिच्यासाठी हलकी काडतुसं भरत, जुन्या रिव्हॉल्व्हरला सोसतील अशी, आणि तिला घाईत चष्म्याशिवायही ओळखता यावीत म्हणून तिच्याच नेलपॉलिशनं रंगवत. लाल म्हणजे तुझी. तीस वर्षं. मी तिच्याच डब्यात, तिच्याच रंगाखाली, अस्वल मारायचा दाब भरून ठेवला.

डब्यात मी एक चिठ्ठी टाकली होती, हे आठवत होतं. तिच्यावर 'फक्त कार्बाइन' लिहिलं होतं, हेही आठवत होतं. डबा मी चार तारखेलाच घरी आणला होता. चिठ्ठी काढून वाचली. गोळीचं वजन आहे, दारूचं आहे, तारीख आहे, माझी सही आहे. 'फक्त कार्बाइन' नाही. रंगानं ते सांगितलंच आहे असं मी धरून चाललो.

२० ऑक्टोबर, सोमवार

कामावर गेलो नाही. बंदुका दुरुस्त करणाऱ्याला चक्र दाखवलं. त्यानं भिंग लावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, एक झेललं हेच नशीब, दुसरं झेललं नसतं. ज्याच्या हातात होतं त्याची बोटं मोजून घ्या.

बोटं पाच आहेत. मी मोजली आहेत, सुजलेली.

ती पायरीवर पडलीच नव्हती. गुरुवारी दुपारी खुराड्यात काहीतरी शिरलं असेल, तिनं नेहमीसारखं रिव्हॉल्व्हर उचललं, नेहमीच्या लाल काडतुसानं. ते हातातून उडालं. आणि तिनं काय समजून घेतलं? काडतूस तेच, रिव्हॉल्व्हर तेच, मग बदलला तो आपला हात. ते कुणाला सांगायची लाज वाटली म्हणून पायरी. आणि म्हणून विलो हाऊस.

संध्याकाळी गेलला सगळं सांगितलं. तिनं नर्सच्या आवाजात प्रश्न विचारले: बधिरपणा आहे का, मूठ वळते का, ऐकायला कमी येतंय का. सगळं झाल्यावर म्हणाली, हे आईला सांगायचं नाही.

मी म्हटलं, तिला वाटतंय की तिचे हात गेले.

"ती एकोणऐंशीची आहे. आज नाही गेले तर दोन वर्षांनी जातील. ती स्वतःहून हो म्हणाली आहे, ऑरिन, तुला कळतंय का? तू सांगितलंस की ती नाही म्हणेल. मग जानेवारीत बर्फावर पडेल आणि तुला ती शनिवारी सापडेल."

मी म्हटलं, मला नाही राहवत.

"हां," ती म्हणाली. "म्हणजे तुझं मन हलकं करायला तिनं तिथे एकटीनं राहायचं."

मी फोन ठेवला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

न सांगणं किती सोपं आहे हे बघतो आहे. रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आहे. चारही काडतुसं काढलीत. तिला पुन्हा धोका नाही. खोटं एकही बोलावं लागणार नाही, फक्त एक तारखेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं, जन्मभर तेच केलं आहे.

मी एका माणसाच्या हद्दीचा खुंटा चुकीच्या जागी ठोकला आणि तो आपली जमीन आपली नाही असं समजून घर सोडून निघाला, तर मी काय करीन? हा प्रश्न मी स्वतःला मुद्दाम असा विचारतो आहे, कारण याचं उत्तर मला येतं. पण गेल खुंट्याविषयी बोलत नव्हती. ती बर्फाविषयी बोलत होती, आणि बर्फाबद्दल तिचं म्हणणं खरं आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं.

फुगलेलं चक्र, पुंगळी, बाबांची वही, माझी चिठ्ठी, सगळं तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलं आणि मोजणीचा अहवाल द्यावा तसं सांगत गेलो. मला दुसरी रीत येत नाही. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. चष्मा लावून तिनं चक्र हातात घेतलं आणि फुगवट्यावरून अंगठा फिरवला. पट्टी अजून होती.

"म्हणजे हात माझा नव्हता," ती म्हणाली.

नव्हता म्हटलं.

"सोळा दिवस मी या हाताकडे बघत बसले आहे, ऑरी. सकाळी कप उचलताना बघायचे, थरथरतोय का. थरथरत नव्हता. मग वाटायचं, हेही आपल्याला कळेनासं झालंय."

मी म्हटलं, तू मेली असतीस. माझ्यामुळे. मी विचारायला हवं होतं. एक प्रश्न विचारला असता, व्ही म्हणजे काय, तर.

तिनं हात हलवला, ते काही तिला महत्त्वाचं वाटलं नाही. ती बाबांची वही मागच्या बाजूनं चाळत होती. नेलपॉलिशच्या ओळीवर थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं तू माझ्यासाठी केल्यास."

स्टोव्हवर कॉफी उकळून बाहेर आली ती मी उठून बंद केली. अख्खा पाय मला का मिळाला ते मला तेव्हा कळलं. मी मेलेल्या माणसाची एक गोष्ट लक्षात ठेवली, तिच्यासाठी ती तशीच केली, असं समजून ती महिनाभर खूश होती, आणि गेलला ते सांगितलं तर आम्ही ते तिच्या विसरण्याच्या यादीत घातलं.

मी माफी मागितली. कशाकशाची ते मला धड सांगता आलं नाही.

"माफी राहू दे," ती म्हणाली. "रिव्हॉल्व्हर तर गेलं. ती कार्बाइन तुझ्या बाबांची, म्हणजे माझी. परत आण. आणि आता कर माझ्यासाठी. हलक्या गोळ्या. मी बघते तराजू."

विलो हाऊसचं काय, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, मी मुद्दाम विचारलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज ती जायची होती.

सकाळी शेडमध्ये दोन स्टुलांवर दोघं बसलो. आधी माझी जड काडतुसं एकेक करून मोडली: डब्यातली पंचेचाळीस, चक्रातली चार, चाचणीतून उरलेली चार. गोळी वेगळी, दारू वेगळी, पुंगळी वेगळी. मग तिची भरायला घेतली. बाबांचं वजन तिला माहीत होतं. कधी विचारलं नव्हतं कुणी, म्हणाली. मी ते छापील पुस्तकाशी ताडून बघितलं, ती शांतपणे थांबली. जुळलं. कार्बाइनला ही काडतुसं खेळण्यासारखी आहेत. ग्रिझलीला पुरणार नाहीत. तिला म्हटलं तर म्हणाली, ग्रिझलीला ती कधीच गोळी घालणार नव्हती, सफरचंदं त्याचीही आहेत. त्या गुरुवारी खुराड्यात दुर्गंधी सोडणारा स्कंक शिरला होता.

रंग तिनं लावला, दुखऱ्या हातानं. पन्नास बुडं, एकावरही थेंब बाहेर नाही. चिठ्ठी मी लिहिली आणि तिला मोठ्यानं वाचायला लावली.

मध्येच तिनं मला बाबांच्या नावानं हाक मारली. तिला कळलं नाही. मी दुरुस्त केलं नाही.

जेवताना विलो हाऊसला तिनं स्वतः फोन केला. खोली दुसऱ्या कुणाला द्या, म्हणाली, वसंतात बघू. फोन ठेवून म्हणाली, गेलला तू सांग, तुझी ताई आहे. सांगितलं. गेल एवढंच म्हणाली, "ठीक आहे, ऑरिन. आता हे तुझं."

९ नोव्हेंबर, रविवार

बुधवारपासून बर्फ. कच्चा रस्ता गुरुवारी बंद होता, शुक्रवारी डेल्बर्टांनी ट्रॅक्टरनं उघडला. गेल माझे फोन घेत नाही.

आईशी ठरलं आहे, रोज सकाळी सात वाजता फोन. ती उचलते, "अजून आहे," म्हणते आणि ठेवून देते. काल नऊ वेळा वाजला. त्या नऊ घंटांत मी बूट घातले, किल्ल्या घेतल्या, गेलला काय सांगायचं तेही ठरवलं. कोंबड्यांकडे गेले होते, म्हणाली. पायरीवर बर्फ होता का विचारलं. होता, म्हणाली, बघून चालले.

मी बरोबर केलं का, याचं उत्तर बर्फ सरेल तेव्हा, मार्चमध्ये मिळेल. की तेव्हाही मिळणार नाही?

या वहीत मागे गेलो. २० सप्टेंबरच्या पानावर 'व्ही म्हणजे व्हेलॉसिटी, गोळीचा वेग' असं लिहिलेलं आहे. त्यावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. डोक्यावर लिहिलं: आई.